ब्लूबेरीचा शेजार

न्यू जर्सीत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांच्या परसात बहुधा एखाददोन जुने ओक असतात आणि त्यांच्याखाली गवत धड न धरणारी सावलीची जागा असते. उन्हाचा तुकडा टोमॅटो, मिरच्या आणि मेथीकडे जातो. उरलेल्या सावलीसाठी नर्सरीत ब्लूबेरीचं झुडूप दिसतं, पाटीवर ‘थोडी सावली चालते’ असं लिहिलेलं असतं आणि झुडूप घरी येतं. एकटं झुडूप ओकंबोकं दिसतं. मग त्याच्याभोवती काय लावावं, हा प्रश्न येतो आणि तो बहुतेक वेळा फुलांच्या रंगावरून सोडवला जातो. तीन वर्षांनी ब्लूबेरीची पानं पिवळी पडतात, फळं मूठभरच येतात आणि दोष सावलीला दिला जातो.

सावलीचा दोष असतो, पण वाटतो तेवढा नाही. ब्लूबेरीला खरं तर दिवसभराचं ऊन हवं असतं. चार-पाच तास थेट ऊन मिळालं तर ती बऱ्यापैकी फळते, त्याहून कमी मिळालं तर पानांवर आणि शरदातल्या लाल रंगावर समाधान मानावं लागतं. ओकच्या सावलीत एक सवलत मात्र मिळते. न्यू जर्सीत ब्लूबेरी एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला फुलते आणि तोवर ओकची पालवी पुरती उलगडलेली नसते, त्यामुळे फुलोरा उन्हात पार पडतो. अडचण येते ती उन्हाळ्याच्या शेवटी. पुढच्या वर्षीच्या फुलांचे कळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच फांद्यांच्या टोकांवर धरतात. त्या आठवड्यांत जितकं ऊन मिळेल, तितके कळे. म्हणून शेजारी निवडण्याआधी दोन कामं करून घ्यावीत. पानगळीनंतर ओकच्या खालच्या फांद्या छाटून घ्याव्यात, म्हणजे तिरकं ऊन आत येईल. आणि उंच वाढणारा कोणताही सोबती ब्लूबेरीच्या उत्तरेला लावायचा, एवढं ठरवून टाकावं. सूर्य दक्षिणेकडून फिरतो, उत्तरेकडच्या झाडाची सावली तिच्यावर पडत नाही.

आता जमिनीखाली. शेजाराचा खरा प्रश्न तिथे आहे.

ब्लूबेरीचं रोप कुंडीतून काढून मुळं पाण्यात धुऊन पाहावीत. केसांसारखी बारीक, तपकिरी, गुंतलेली जाळी हाती येते, सोटमूळ सापडत नाही. बहुतेक झाडांच्या मुळांवर पाणी आणि क्षार शोषणारी सूक्ष्म मूलरोमं असतात, ती ब्लूबेरीच्या मुळांवर नसतातच. त्यांचं काम एक बुरशी करते. ती या बारीक मुळांच्या पेशींत राहते, कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून नत्र आणि स्फुरद सोडवून झाडाला देते आणि बदल्यात साखर घेते. हा सगळा संसार वरच्या फूटभर मातीत चालतो. त्यामुळे दुष्काळाचा पहिला फटका ब्लूबेरीला बसतो, खुरप्याने आजूबाजूला केलेली प्रत्येक खणणी तिला लागते, आणि शेजाऱ्याचं मूळ उथळ व आडदांड असेल तर तिला खाली पळायला जागा नसते.

दुसरी अट मातीची आहे. जमिनीचा पीएच, म्हणजे आपल्या कृषी विद्यापीठांच्या भाषेत सामू, ब्लूबेरीला 4.5 ते 5.5 लागतो. भाजीपाल्याला 6 ते 7 मानवतो. सामू हा आकडा दहाच्या पटीत चालतो, म्हणजे 5.5 आणि 6.5 या दोन मातींच्या आम्लतेत दहापट फरक असतो. सामू वाढला की जमिनीत लोह असूनही ब्लूबेरीला ते उचलता येत नाही. पानाचा शिरांमधला भाग पिवळा पडतो आणि शिरा हिरव्या राहतात. नाशिक-सांगलीकडच्या चुनखडीच्या जमिनीतल्या द्राक्षबागायतदारांना हे पान अनोळखी नाही, तिथेही लोहाचं हेच दुखणं असतं. नत्राच्या बाबतीतही तिचा हट्ट आहे. नायट्रेट तिला फारसं वापरता येत नाही, अमोनियमच्या रूपात दिलेलं नत्र ती घेते. म्हणून तिला वसंतात थोडं अमोनियम सल्फेट घालतात.

हे सगळं आज सहज सांगता येतं, पण 1900च्या आसपास कोणालाच ठाऊक नव्हतं. लोक रानातली ब्लूबेरी उपटून आणत, भरपूर शेणखत आणि चुना घातलेल्या उत्तम मातीत लावत, आणि ती मरे. अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी काही वर्षं कुंड्यांत प्रयोग केले आणि 1910मध्ये एका पुस्तिकेत निष्कर्ष छापला: या झुडपाला आम्लधर्मी माती हवी, आणि आपण जिला चांगली माती म्हणतो ती त्याला मारते. न्यू जर्सीच्या व्हाइट्सबॉग इथे वडिलांबरोबर क्रॅनबेरीची शेती करणाऱ्या एलिझाबेथ व्हाइट यांनी ती पुस्तिका वाचली आणि 1911मध्ये कोव्हिलना पत्र लिहून आपली जमीन देऊ केली. आसपासच्या रानात बेरी गोळा करणाऱ्या लोकांना त्यांनी पाच अष्टमांश इंचाचं भोक असलेली मापपट्टी दिली. ज्या झुडपाची फळं त्या भोकातून जाणार नाहीत, ते झुडूप दाखवायचं. अशी निवडलेली झुडपं आणि कोव्हिल यांचा संकर यांतून 1916मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. तेव्हा रानातून निवडलेलं ‘रुबेल’ हे वाण आजही लावलं जातं.

मला या कथेत मापपट्टीपेक्षाही जागा महत्त्वाची वाटते. व्हाइट्सबॉग पाइन बॅरन्स नावाच्या प्रदेशात आहे. एडिसनहून गाडीने तास-सव्वा तासात पोहोचता येतं. लाखो एकरांची ही वाळूची, अतिशय आम्लधर्मी जमीन, तिच्यावर ठेंगणी पिच पाइनची आणि ओकची झाडं, ओढ्यांकाठी पांढऱ्या सीडरच्या दलदली आणि चहाच्या रंगाचं पाणी. जमीन भाजीपाल्याच्या शेतीला कुचकामी ठरली, म्हणून तर तिचं नाव ‘बॅरन्स’ पडलं. ब्लूबेरीचं माहेर हेच. ती तिथे सावलीच्या कडेला कोणाबरोबर राहते, हे एकदा चालत जाऊन पाहिलं की परसातली यादी जवळपास तयार होते.

दलदलीच्या काठाने चालताना उंच ब्लूबेरीच्या खांद्याला खांदा लावून स्वीट पेपरबुश उभं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या पांढऱ्या तुऱ्यांचा सुगंध लांबून येतो. त्याच ओळीत चिकट पांढऱ्या फुलांचं दलदली अझेलिया आणि काळ्या बारीक फळांचं इंकबेरी. ओल्या खळग्यात दालचिनी नेचे, ज्यांच्या मधोमध वसंतात दालचिनीच्या रंगाचे दांडे उभे राहतात. थोडं वर, कोरड्या वाळूत, ओकच्या विरळ सावलीत गुडघ्याएवढी रानटी ब्लूबेरी, तिची चुलत बहीण हकलबेरी, शीप लॉरेल, आणि जमिनीलगत चार-सहा इंचांचं विंटरग्रीन. विंटरग्रीनचं चामड्यासारखं गडद पान चुरगाळलं की दुखऱ्या सांध्यावर चोळायच्या मलमाचा वास येतो. आपल्याकडे गंधपुरा तेल म्हणून मिळतं ते याच कुळातल्या झुडपापासून काढतात.

यातली बरीच मंडळी एकाच कुटुंबातली आहेत. ब्लूबेरी, अझेलिया, लॉरेल, हकलबेरी, विंटरग्रीन, सगळी एरिकेसी कुळातली. सगळ्यांना आम्लता हवी आणि सगळ्यांच्या मुळांत त्याच प्रकारची बुरशी. ही सोबत न्यू जर्सीपुरती नाही. निलगिरीत उटीच्या वर शोला जंगलाच्या कडेला गेलं तर लाल फुलांचं ऱ्होडोडेंड्रॉन, ब्लूबेरीच्याच प्रजातीतलं एक स्थानिक झुडूप आणि गंधपुरा एकमेकांच्या आसपास सापडतात. हजारो मैलांवर, दुसऱ्या हवामानात, तशाच आम्लधर्मी डोंगरमातीत हेच कुटुंब शेजारी राहिलं आहे. शेजार मातीने ठरतो, याचा मला याहून चांगला पुरावा माहीत नाही.

मग परसात यातलं काय आणावं? जमिनीलगतसाठी माझी पहिली पसंती विंटरग्रीनला आहे. ते हळू पसरतं, त्याची मुळं उथळ पण नाजूक असतात, सावली त्याला मानवते आणि त्याची लाल फळं हिवाळाभर टिकतात. हरणं त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत, आणि न्यू जर्सीत हरणांचा विचार केल्याशिवाय कसलीही बाग करता येत नाही. याच्या जोडीला पार्ट्रिजबेरी लावता येते. ती जमिनीवर चटईसारखी पसरते, तिला दोन-दोन फुलांच्या जोड्या येतात आणि प्रत्येक जोडीतून एकच लाल फळ तयार होतं. मधल्या उंचीसाठी दालचिनी नेचे किंवा वर्षभर हिरवे राहणारे ख्रिसमस नेचे. दोन्ही एका जागी गड्डा करून राहतात. हे-सेंटेड नेचे मात्र टाळावेत. नर्सरीत ते देखणे दिसतात, पण मातीखालून धावत वाफाच ताब्यात घेतात. उंचीसाठी, उत्तरेच्या बाजूला, एक स्वीट पेपरबुश.

अझेलियाबद्दल मी थोडा सावध आहे. बागकामाच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात ब्लूबेरीचा पहिला सोबती म्हणून अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन सांगितले जातात. मातीच्या दृष्टीने सल्ला बिनचूक आहे. पण आवड एकच असली की भांडणही त्याच गोष्टीवरून होतं. दोघांची मुळं वरच्या फूटभर मातीत, दोघांनाही सतत ओल हवी. जुलैच्या कोरड्या आठवड्यात दोन मोठी झुडपं एकमेकांचं पाणी पितात, आणि वर ओक असतोच. त्यामुळे एका ब्लूबेरीजवळ मोठ्या आकाराचा एकच नातेवाईक, तोही पाच-सहा फूट लांब, हे प्रमाण मला योग्य वाटतं. बाकीचे शेजारी छोटे असावेत.

निळी हायड्रेंजिया अनेकांना हवी असते. तिला अर्धी सावली आवडते, आम्ल मातीत ॲल्युमिनियम मोकळं होतं म्हणून फुलं निळी होतात आणि सामू वाढला की गुलाबी. म्हणजे तिच्यावरून जमिनीचा अंदाज घेता येतो. पण ती अतिशय तहानलेली असते. लावायची तर वाफ्याच्या दूरच्या टोकाला.

शेजारी नकोत अशांची यादी मोठी आहे, त्यातले काही मराठी घरांत हमखास असतात. मेथी, कोथिंबीर, टोमॅटो यांना ब्लूबेरीजवळ जागा देऊ नये. सावलीत ती नीट येत नाहीत, आणि त्यांच्यासाठी घातलेला चुना, राख किंवा भरपूर खत ब्लूबेरीच्या मुळाशी पोहोचतं. चुलीची किंवा शेकोटीची राख तर अल्कधर्मी असते, ती तिच्या आळ्यात कधीच टाकू नये. लव्हेंडर आणि रोझमेरी यांना चुन्याची कोरडी माती हवी, त्यांचं इथे जमणार नाही. काळा अक्रोड जवळपास असेल तर ब्लूबेरीची जागाच बदलावी. त्याच्या मुळांतून जुग्लोन नावाचं रसायन मातीत उतरतं आणि ब्लूबेरी त्याला बळी पडणाऱ्यांपैकी आहे. मोठ्या अक्रोडाचा असर खोडापासून 50-60 फुटांपर्यंत जाणवू शकतो. नॉर्वे मेपलची सावली दाट आणि मुळं अगदी वर, तिच्याखाली कोणाचंच भलं होत नाही. ओकची मुळं त्या मानाने खोल जातात, म्हणून सावली हवीच असेल तर ओकची.

सर्वांत दुर्लक्षित शेजारी म्हणजे हिरवळ. न्यू जर्सीतली माती मुळात आम्ल असल्यामुळे गवतासाठी लोक वर्षाआड चुना टाकतात, कंपनीचा माणूस येऊन यंत्राने टाकतो. त्यातला काही वाफ्यावर उडतो, काही पावसाबरोबर वाहत येतो. शिवाय लॉनच्या खतात तणनाशक मिसळलेलं असू शकतं. गवत आणि ब्लूबेरी यांच्यामध्ये तीन-चार फुटांचा पट्टा हवाच, आणि लॉनवाल्याला तो पट्टा दाखवून ठेवायला हवा. घराच्या भिंतीलगतची जागाही फसवी असते. पायाच्या काँक्रीटमधून चुना झिरपत राहतो.

इथे एका समजुतीबद्दल सांगायला हवं. ओकची पानं किंवा पाइनच्या सुया टाकल्या की माती आपोआप आम्ल होते, असं सर्रास सांगितलं जातं. ताज्या पाचोळ्यात आम्लता असते, पण कुजताना ती बरीचशी निघून जाते. आच्छादन हवंच, तीन-चार इंच जाडीचं, कारण ते ओल धरतं, उथळ मुळांना उन्हापासून वाचवतं आणि त्या बुरशीला खाद्य देतं. सामू उतरवायचं काम मात्र गंधकाचं आहे. मातीतले जिवाणू गंधकाचं आम्लात रूपांतर करतात आणि त्याला महिने लागतात. म्हणून आधी माती तपासावी, रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो, मग सांगितलं असेल तेवढं गंधक लागवडीच्या आदल्या वर्षी मिसळावं. अंदाजाने ओतलेलं गंधक मुळं जाळतं.

मातीनंतर मधमाश्या. ब्लूबेरीचं फूल म्हणजे खाली तोंड करून लटकलेली पांढरी घंटा. आत परागकोश असतात, पण ते फाटून पराग मोकळे करत नाहीत, प्रत्येकाच्या टोकाला बारीक छिद्र असतं. बम्बलबी, म्हणजे केसाळ गुबगुबीत भुंगा, फुलाला लटकतो, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतो आणि त्या कंपनाने छिद्रांतून परागांचा शिडकावा त्याच्या पोटावर होतो. मे महिन्यात सकाळी झुडपाजवळ उभं राहिलं तर या थरथरीचा आवाज उडण्याच्या गुणगुणीपेक्षा वेगळा, वरच्या पट्टीतला, ऐकू येतो. पाळीव मधमाशीला हे जमत नाही. तीही परागीकरण करते, पण प्रत्येक भेटीत कमी.

एप्रिलमध्ये जी बम्बलबी दिसते ती एकटी राणी असते. हिवाळा जमिनीत काढून ती बाहेर येते, उंदराच्या जुन्या बिळासारख्या जागी घर करते आणि पिढी वाढवते. ब्लूबेरीचा फुलोरा दोन-तीन आठवड्यांचा. तिची वसाहत शरदापर्यंत जगायची तर आधी आणि नंतरही फुलं हवीत. सोबती निवडताना ही साखळी जुळवावी. मेमध्ये ब्लूबेरीपाठोपाठ रानजिरेनियम, जुलै-ऑगस्टमध्ये स्वीट पेपरबुश, सप्टेंबरमध्ये सावलीत फुलणारी पांढरी वुड अॅस्टर आणि निळसर देठांची गोल्डनरॉड. ही सगळी इथल्या रानातलीच आहेत. वाफ्याच्या कडेला थोडा पाचोळा हिवाळाभर तसाच राहू द्यावा, ब्लोअरने सगळं साफ केलं की झोपलेल्या राण्याही उघड्या पडतात. परागासाठीच आणखी एक सोबती हवा, तो म्हणजे वेगळ्या वाणाची दुसरी ब्लूबेरी. ‘ड्यूक’ लवकर पिकते, ‘ब्लूक्रॉप’ मध्यात, ‘इलियट’ उशिरा. एकाच वाणालाही फळं धरतात, पण परक्या परागाने ती मोठी होतात. फुलण्याचा काळ जुळेल अशी जोडी घ्यावी.

जिथे मुलं हाताने फळं तोडून खाणार आहेत, तिथे शेजाऱ्यांची आणखी एक तपासणी हवी. अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन आणि लॉरेल यांची पानं आणि फुलं विषारी आहेत, माणसाला आणि कुत्र्यालाही. मूल पाना-फुलांना तोंड लावण्याच्या वयाचं असेल तर मी ही झुडपं त्या वाफ्यात लावणार नाही, मातीला कितीही जुळोत. लिली ऑफ द व्हॅली सावलीत झपाट्याने पसरते, दिसते गोड, आणि तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. न लावता उगवणारे दोन शेजारी अधिक धोक्याचे आहेत, कारण त्यांची फळं गडद जांभळी-निळी असतात: लालसर जाड देठांचं पोकवीड आणि पाच पानांची व्हर्जिनिया क्रीपर वेल. पक्षी त्यांच्या बिया ओकाखाली टाकतात आणि दोन हंगामांत झाड उभं राहतं. मुलांना एक खूण शिकवावी. ब्लूबेरी उलटी धरली की देठाच्या विरुद्ध टोकाला पाच टोकांचा छोटा मुकुट दिसतो. पोकवीडच्या आणि क्रीपरच्या फळाला तो नसतो. विंटरग्रीन आणि पार्ट्रिजबेरी यांची लाल फळं खाल्ली तरी अपाय नाही, पण विंटरग्रीनचं काढलेलं तेल वेगळं. गंधपुरा तेलासारखंच ते मुलांच्या हाती लागू देऊ नये.

लावण्याचा क्रम आणि अंतर यांत बरंच काही ठरतं. ब्लूबेरी आधी आणि एकटी लावावी. पहिली दोन वर्षं फुलं खुडून टाकावीत, जीव मुळांत जाऊ द्यावा. छोटे सोबती तिसऱ्या वर्षी आणावेत, तेही लहान प्लग-रोपांच्या रूपात, म्हणजे मोठा खड्डा खणावा लागत नाही. झुडपाच्या खोडाभोवती दोन-तीन फुटांचं वर्तुळ कायम मोकळं ठेवावं, तिथे फक्त आच्छादन. याला सौंदर्यापलीकडचं कारण आहे. ममी बेरी नावाच्या रोगात फळं सुकून करड्या खड्यांसारखी खाली पडतात, आणि वसंतात त्याच खड्यांतून बुरशीचे बारीक पेले उगवून नव्या पालवीवर बीजाणू उडवतात. सावलीच्या दमट बागेत हे जास्त होतं. खाली दाट झाडोरा असेल तर पडलेली फळं सापडत नाहीत. वर्तुळ मोकळं असलं तर ती वेचता येतात, आणि मार्चमध्ये ताज्या आच्छादनाचा एक थर टाकून उरलेली गाडता येतात.

पाणी शक्यतो पावसाचं साठवलेलं द्यावं, बऱ्याच गावांचं नळाचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं आणि वर्षानुवर्षं घातलं की सामू हळूहळू चढतो. दर दोन-तीन वर्षांनी माती पुन्हा तपासावी. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागला, तर नवं खत आणण्याआधी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा आणि शेजारच्या लॉनवर त्या वर्षी चुना कधी पडला हे विचारून घ्यावं.